पांढऱ्याचं पथ्य

९ जानेवारी

शेवटी गिळल्या! दोन गोळ्या, वर ग्लासभर पाणी, आणि समोर ताई उभी. आता जीभ बाहेर काढून दाखवायला लावते की काय असं वाटलं मला.

ताई म्हणजे माझी नणंद. नोकरी गेल्यापासून ती या गोळ्या विकते. डब्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलंय — 'आतून उजळा'. "सुरुवात घरापासून करायची असते," म्हणाली. घरापासून म्हणजे माझ्यापासून, हे ओघाने आलंच. सासूबाई गोऱ्या, ताई गोरी, माझा नवरा गोरा. घरात काळं म्हणून काय ते दोघं — मी आणि तवा.

मी म्हटलं, "ताई, क्रीम लावतात ते समजतं. पण गोळी पोटात गेल्यावर तिला कसं कळणार गालाकडे जायचं की टाचेकडे?" सासूबाई खुदकन हसल्या. ताई नाही हसली. म्हणाली, "तुला सगळ्याची थट्टाच सुचते."

'आधी'चा फोटो काढला. स्वयंपाकघरात, दिवा बंद करून, केस सोडून! हसू नकोस म्हणाली. फोटो बघितला तर मी घरफोडी करताना पकडल्यासारखी. "असाच पाहिजे," ताई खूश.

ही वही इथेच लॅबमध्ये ठेवणार, माझ्या खणात. घरी माझं कपाट आहे, पण त्याची किल्ली सगळ्यांना सापडते.

१० जानेवारी

गोळ्यांबरोबर पथ्यही आहे! काळं, लाल, गडद काही खायचं नाही. पालक नाही, बीट नाही, खजूर नाही, मनुका नाही, गूळ नाही, मांस नाही, चहासुद्धा नाही. काय खायचं? भात, दूध, दही, बटाटा, मुळा, फ्लॉवर, अंड्यातलं पांढरं. ताईला हे तिच्या धंद्यातल्या वरच्या मॅडमनी सांगितलं. "पांढरं खा, पांढरी व्हा."

म्हैस हिरवं खाते, काळी राहते आणि दूध पांढरं देते, तिचं काय? — हे मनात. तोंडाने "बरं".

२४ जानेवारी

काही फरक नाही. शून्य. माझा डोळा फसायचा नाही, धंद्याचा आहे. लॅबमध्ये मी दातांच्या कॅप बनवते. दंतवैद्य सांगतात अमुक शेड हवी, मग मी खिडकीपाशी बसून नमुन्याचे दात एकेक लावून बघते. दिव्याखाली कधीच बघायचं नाही, दिवा खोटं बोलतो. पांढऱ्यातले सतरा पांढरे मला दिसतात. माझ्या कातडीत मात्र बदल दिसत नाही.

ताई म्हणते, धीर धर. धरलाय बाई.

१९ फेब्रुवारी

आज लॅबच्या जिन्यात खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई भेटली. "काय हो, काय लावताय तोंडाला? उजळलात की!" मी म्हटलं, काही नाही हो, घाम पुसला असेल.

पण जेवणाच्या सुट्टीत खिडकीपाशी आरसा घेऊन बसले. अगदी कामासारखं बघितलं — डोळा ताजा करायला थोडा वेळ भिंतीकडे, मग चटकन गालाकडे. आणि खरंच! गाल उजळलेत. तळहात तर किती! मी पुन्हा बघितलं. पुन्हा तेच.

म्हणजे गोळीला गालाचा पत्ता सापडला तर.

२ मार्च

लिहायला लाज वाटतेय पण लिहिते. इथे नाही लिहिणार तर कुठे?

काल याच्या ऑफिसच्या लोकांचं जेवण होतं. लग्नाला पाच वर्षं झाली, पहिल्यांदा हा स्वतःहून म्हणाला, "चल." एरवी म्हणायचा, तुला कंटाळा येईल. तिथे पोचल्यावर माझ्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांना ओळख करून दिली. फोटो काढायची वेळ आली. एरवी फोटोत हा एका टोकाला, मी दुसऱ्या. मध्ये सासूबाई नाहीतर कुंडी. काल मला ओढून शेजारी उभं केलं! येताना म्हणाला, "आज तू छान दिसतेस."

पाच वर्षांत पहिल्यांदा. मला इतका आनंद झाला, इतका, की नंतर माझाच राग आला. एवढ्याशा वाक्यावर शेपूट हलवायची? पण हलवली. आज सकाळी ताईने हाक मारायच्या आधी गोळ्या घेतल्या.

११ मार्च

दमते. लॅबचे तीन जिने म्हणजे डोंगर झालेत. मधल्या मजल्यावर थांबून फोन बघितल्याचं नाटक करते. पाळीही यावेळी संपता संपत नाही. नेहमीच जास्त जायचं, आता विचारूच नको. ताईला सांगितलं तर म्हणाली, "चांगलंय! आतली घाण बाहेर पडतेय. मॅडम म्हणाल्या होत्या असं होतं." या मॅडमना सगळंच आधी ठाऊक असतं.

काल दुपारी उठले तर डोळ्यापुढे अंधारी. सिरॅमिकची पावडर टेबलभर सांडली. सर ओरडले. बरोबर आहे त्यांचं.

२० मार्च

आईशी भांडले.

व्हिडिओवर फोन केला होता. माझा रंग आईचा, अगदी ओतल्यासारखा. तोंड दिसताच म्हणाली, "आजारी आहेस का ग?" मी म्हटलं, उजळलेय. म्हणाली, "उजळणं वेगळं. तू फिकी पडलीयस. मागच्या वेळी टायफॉइड झाला होता तेव्हा अशी दिसत होतीस."

मला असा संताप आला! सगळं जग चांगलं म्हणतंय आणि हिला टायफॉइड आठवतोय. म्हटलं, "तुला बघवत नाही का माझं बरं झालेलं? तुझ्यासारखीच राहू का जन्मभर?" मग मीच फोन बंद केला.

बोलायला नको होतं ते बोलले.

२८ मार्च

मी आता बोर्डावर आहे! कोपऱ्यावरच्या ब्यूटी पार्लरच्या काचेवर माझे दोन फोटो. डावीकडे घरफोडी, उजवीकडे मी — 'नंतर'. 'नंतर'चा फोटो दिव्याच्या झोतात, पांढरा कुर्ता घालून, हसून. तसं बघितलं तर निम्मा फरक दिव्याचाच आहे. पण निम्मा खरा.

आता घरी बायका येतात. मला बाहेर बोलावतात. एक तर गालाला बोट लावून, बोट बघून गेली, पावडर लागतेय का म्हणून! ताई शेजारी उभी राहून सांगते, "आमच्या वहिनीला बघा, हातच्या काकणाला आरसा कशाला?" मी हसते. तासभर हसल्यावर जबडा दुखतो. सासूबाई येणाऱ्यांना सरबत देतात आणि माझ्याकडे अशा बघतात जसं त्यांनीच मला बनवलंय.

ताईने मोठा कार्यक्रम ठरवलाय, सव्वीस एप्रिलला. हॉल घेतलाय. मॅडम येणार. ताईला वरची जागा मिळणार की नाही ते त्या दिवशी ठरणार. मी स्टेजवर जाऊन चार वाक्यं बोलायची. ताईने लिहून पाठ करून घेतलीत.

विचारलं, "ताई, मध्येच थांबवल्या तर?" तर म्हणाली, "वेडी का? थांबवलं की रंग परत येतो. चालूच ठेवायच्या." कायमच्या? "मग! दात घासायचे थांबवतेस का?"

हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झालीय माझी.

३ एप्रिल

याची दाढ दोन दिवस ठणकत होती. आमच्या लॅबला काम देणाऱ्या डॉक्टरबाई आहेत, मी परवाच त्यांना कॅप पोचवायला गेले होते, त्यांच्याकडेच वेळ घेऊन दिली. काल दाढ भरून आला. सगळं घर त्याच्यासाठी मऊ भात खातंय. मी तर जानेवारीपासून खातेय, मला कुणी विचारत नाही.

८ एप्रिल

आज लॅबमध्ये मी एक पराक्रम केला.

आमच्याकडे कवळ्या बनवणारा एक जण आहे. दिवसभर गुलाबी हिरड्या ओततो म्हणून त्याला सगळे 'गुलाबी' म्हणतात. भरघोस मिशा, आवाज बैलासारखा, आणि नाव गुलाबी! तर त्याच्या गुलाबी पावडरीचा नवा डबा आला. नवा डबा आला की एक तुकडा ओतायचा आणि आपल्याच हिरडीला लावून बघायचं, ही आमच्या लॅबची जुनी रीत. शेड बघायची म्हणून तो तुकडा माझ्याकडे आला. मी आरशापुढे ओठ वर केला, तुकडा लावला. छे! भडक, जांभळट. म्हटलं, "गुलाबी, हा माल परत पाठवा. अशा हिरड्या माणसाच्या असतात का?" सरांनी माझ्या शब्दावर डबा परत पाठवला.

दुपारी दुसरा डबा आला. तोही भडक! तोही परत! पुरवठादाराला मीच फोनवर झापलं — डोळे फुटलेत का तुमचे?

९ एप्रिल

तिसरा डबा घेऊन पुरवठादार स्वतः आला. चिडलेला. म्हणाला, सगळीकडे हाच माल जातो, तक्रार फक्त तुमची.

गुलाबीने तुकडा घेतला, मिशा बाजूला केल्या, स्वतःच्या हिरडीला लावला. बरोब्बर बसला. सरांनी लावला. बसला. पुरवठादाराने लावला. त्यालाही बसला! तिघं ओठ वर करून उभे. दुसरा कुठला दिवस असता तर मी हसून लोळले असते.

मग गुलाबी माझ्याकडे वळला. "वहिनी, तुम्ही दाखवा बघू." मी ओठ वर केला. त्याने खणातून सगळे नमुने काढले आणि एकेक लावून बघितले. सगळ्यात फिकासुद्धा भडक दिसला. शेवटी म्हणाला, "वहिनी, तुमच्या हिरडीची शेड कंपनी बनवत नाही." आणि मग, हळू, "डॉक्टरकडे जा हो."

मी — मी, जिला पांढऱ्यातले सतरा पांढरे दिसतात! तीन महिने गाल बघत बसले. ओठाच्या आत बघायचं सुचलं नाही.

११ एप्रिल

काल दवाखान्यात गेले. लॅबमधून परस्पर. डॉक्टरांनी खालची पापणी ओढली, नखं दाबली, रक्त काढलं. संध्याकाळी हिमोग्लोबिनचा आकडा सांगितला. बाराच्या वर हवं, माझं सहा.

"चालता कशा तुम्ही?" म्हणाले.

मी गोळ्यांचं विचारलं. म्हणाले, "काही लोकांत थोडाफार फरक पडतो असं काही अभ्यासांत दिसलंय. थोडाच. आणि थांबवल्यावर टिकत नाही. पण तुमच्या बाबतीत तो प्रश्नच नाही. हा उजळपणा नाही बाई, रक्त संपत आलंय. पाळीत इतकं जातंय आणि खाण्यात काही येत नाहीये." पाळीचीही तपासणी करायला सांगितली. लोहाच्या गोळ्या दिल्या. म्हणाले, सगळं खा. आधी जे जे सोडलंत ते खा.

"मग रंग?" — तोंडातून निघूनच गेलं!

डॉक्टर म्हणाले, "तुमचा तुम्हाला परत मिळेल."

आई बरोबर होती.

१५ एप्रिल

घरी सांगितलं नाही. लोहाच्या गोळ्या इथे खणात, वहीशेजारी. गुलाबीची बायको माझ्यासाठी डब्यात बीट आणि पालक पाठवते. मी कोपऱ्यात तोंड करून चोरासारखी खाते, मग तोंड खळखळून धुते, जिभेवर बीटाचा लाल रंग राहू नये म्हणून. घरी जाऊन पुन्हा दूधभात. ताईच्या गोळ्या तिच्यासमोर तोंडात, आणि बाथरूममध्ये बाहेर.

कुणापासून लपवतेय? माझं स्वतःचं रक्त!

१८ एप्रिल

आज ताईला सांगायचं ठरवलं होतं. खोलीत गेले. "ताई, मला जरा —" एवढं म्हणाले आणि ती रडायला लागली. मॅडमनी फोनवर झाडलं होतं तिला. माणसं कमी जमली तर बघ म्हणून. "माझ्या हातात दुसरं काय आहे ग? नोकरी देईना कुणी. आईच्या जिवावर किती दिवस जगू? तू होतीस म्हणून एवढं तरी झालं. तू माझी लक्ष्मी आहेस." माझा हात घट्ट धरला.

आता काय बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ. पाणी आणून दिलं आणि बाहेर आले.

मला तिचा राग येत नाही, हेच वाईट आहे. राग आला असता तर सोपं झालं असतं.

२२ एप्रिल

सासूबाई म्हणाल्या, "दोन दिवसांत जरा काळवंडल्यासारखी वाटतेस." ताईने लगेच डोस दुप्पट केला.

म्हणजे मी बरी व्हायला लागलेय!

२७ एप्रिल

झालं. काल पार पडलं.

हॉल भरला होता. हा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून, फोन माझ्यावर धरून. ताईने सकाळी माझं तोंड रंगवलं, ओठ जरा जास्तच लाल. मागे पडद्यावर 'आधी'चा फोटो, दारापेक्षा मोठा. पाठ केलेली चार वाक्यं मी बोलले. शब्द एकही चुकला नाही. टाळ्या. मॅडम पुढे येऊन मला मिठी मारून गेल्या. ताई रडली, आनंदाने. हा उभा राहून टाळ्या वाजवत होता.

मला वाटत होतं माइक समोर आहे, आता म्हणावं, आता म्हणावं. ओठापर्यंत आलं. मग याच्याकडे बघितलं. तो असा बघत होता — असं माझ्याकडे कधी कुणी बघितलं नाही. गिळलं.

नंतर हात धुवायला गेले तर तिथे एक मुलगी. माझ्याच रंगाची. माझ्या जुन्या रंगाची. लग्न ठरलंय, पिशवीत तीन डबे घेतलेले. "किती दिवसांत होते हो? खरं सांगा." मी आजूबाजूला बघितलं, कुणी नव्हतं. म्हटलं, "ऐक, हे पथ्य करू नकोस. सगळं खा. आधी रक्त तपासून घे. माझं रक्त सहावर आलंय, हा रंग त्याचा आहे."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. विश्वास बसला असता तर बरं झालं असतं. म्हणाली, "तुम्हाला काय जातं बोलायला? तुम्ही झालात ना गोऱ्या." आणि पिशवी छातीशी धरून निघून गेली.

तिला चूक म्हणू? दोन मिनिटांपूर्वी स्टेजवर कोण होतं?

२८ एप्रिल

ताईला वरची जागा मिळाली. घरात आनंदीआनंद. म्हणजे आता तिच्यासाठी लपवायचं काही कारण उरलं नाही.

मग अजून का गप्प आहे मी? सकाळपासून स्वतःला हेच विचारतेय, एकही कॅप धड झाली नाही. उत्तर मला माहीत आहे. ताईसाठी मी कधी लपवतच नव्हते. याच्यासाठी लपवत होते. रंग परत आला की हा पुन्हा फोटोच्या टोकाला जाऊन उभा राहील. पाठीवरचा हात जाईल. तो हात मला हवाय! रक्त सहावर येऊनसुद्धा हवाय. असं कुणी मूर्ख असतं का? आहे ना, मी आहे.

पण त्याला एकदा विचारलंच नाही, हेही खरं. कदाचित तो म्हणेल, वेडी आहेस का, आधी का नाही सांगितलंस? कदाचित घाबरेल. मला हाताला धरून दवाखान्यात नेईल. पाच वर्षांचा नवरा आहे, अगदीच परका नाही.

उद्या सांगते.

२९ एप्रिल

सांगितलं. सकाळी, तो चहा घेत असताना. रक्त फार कमी झालंय, औषध चालू आहे, रंग पुन्हा पहिल्यासारखा होणार.

"हं," म्हणाला. "डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या मला."

"कुठल्या?"

"दातांच्या. दाढ भरली तेव्हा. म्हणाल्या, बायकोला बघितलं मी परवा, ओठ पांढरे पडलेत, रक्त तपासून घ्या."

"मग?"

"मग काय... म्हटलं, ताईचा कार्यक्रम होऊन जाऊ दे." चहा संपवला. आणि मग, अगदी मऊ आवाजात, "छान दिसत होतीस ग."

लॅबमध्ये आल्या आल्या आईला फोन लावला. म्हटलं, येतेय. तिने काही विचारलं नाही. म्हणाली, "जेवून निघू नकोस."